ऐकायचेच राहून गेलेला माहितीपट

श्रोतेहो, गेल्या रविवारी याच सभागृहात आपण ‘अन्टिल द लाइट टेक्स अस’ हा नॉर्वेमधल्या ब्लॅक मेटल या कर्कश, टोकाच्या रॉक संगीतप्रकारावरचा माहितीपट पाहिला. दिवे लागल्यावर मागच्या रांगेतल्या एका आजोबांनी विचारले, “ही माणसे कशी आहेत ते कळले, पण यांचे गाणे कसे असते?” आजचे व्याख्यान म्हणजे त्या प्रश्नाचे जरा लांबलेले उत्तर आहे. हा चित्रपट मी तीनदा पाहिला आणि तिन्ही वेळा माझीही तक्रार हीच राहिली.

आरन एट्स आणि ऑड्री युवेल हे अमेरिकन दिग्दर्शक या चित्रपटासाठी नॉर्वेला जाऊन राहिले होते. २००८ साली पूर्ण झालेल्या या चित्रपटात निवेदक नाही. माणसे बोलतात आणि मध्येमध्ये बर्फ दिसतो. शीर्षक १९९४च्या बुर्झुमच्या एका अल्बमच्या नावावरून घेतले आहे, आणि बुर्झुम हा एकट्या माणसाचा बँड, म्हणजे व्हार्ग व्हिकरनेस. दिग्दर्शकांचा पाय घसरला तो इथेच, असे मला वाटते.

घटनाक्रम थोडक्यात सांगतो. १९९१मध्ये मेहेम या बँडचा गिटारवादक युरोनिमस, म्हणजे ओयस्टिन ऑर्शेत, याने ऑस्लोमध्ये ‘हेलव्हेटे’ नावाचे रेकॉर्डचे दुकान काढले आणि तिथे विशी-बाविशीतल्या पोरांचा अड्डा जमला. ६ जून १९९२ रोजी बर्गेनजवळचे फान्टॉफ्टचे बाराव्या शतकातले लाकडी चर्च जळून खाक झाले. पुढे आणखी चर्चे जळाली. १० ऑगस्ट १९९३ रोजी व्हिकरनेसने युरोनिमसचा भोसकून खून केला. खून आणि चर्चची जाळपोळ यांसाठी १९९४मध्ये त्याला एकवीस वर्षांची शिक्षा झाली.

चित्रपटात व्हिकरनेस तुरुंगात कॅमेऱ्यासमोर बसून बोलतो. नीटनेटका, हसतमुख, वाक्यावाक्याला मुद्दा पुढे नेणारा हा माणूस वक्ता म्हणून उत्तम आहे, आणि कॅमेऱ्याला उत्तम वक्त्याची भुरळ पडते हे आपण आपल्याकडच्या दूरचित्रवाणीवरही रोज पाहतो. चर्च जाळण्यामागे प्राचीन नॉर्डिक संस्कृतीवरच्या अन्यायाची भावना होती, खून हा स्वसंरक्षणाचा प्रकार होता, असे तो शांतपणे सांगत जातो, आणि न्यायालयाने हा बचाव मान्य केला नव्हता, हे त्याच्या तोंडावर विचारणारे कोणी तिथे नसते. त्याच्या वंशवादी मतांकडे तर चित्रपट जवळजवळ काणाडोळाच करतो. याच माणसाला पुढे २०१४मध्ये फ्रान्सच्या न्यायालयाने वांशिक द्वेष चिथावल्याबद्दल दोषी ठरवले. ही पुढची गोष्ट दिग्दर्शकांना ठाऊक असणे शक्य नव्हते, हे मान्य; परंतु त्याची मते तेव्हाही गुपित नव्हती.

चित्रपटाचे एक मोठे देणे मात्र नाकारता येत नाही, आणि ते म्हणजे डार्कथ्रोन या ब्लॅक मेटल बँडचा ड्रमवादक फेनरिझ. हा थकल्यासारखा दिसणारा, स्वतःवर हसू शकणारा माणूस पडद्यावर आला की चित्रपटाला श्वास फुटतो. आपल्या तरुणपणीच्या गोष्टीचा इतरांनी केलेला तमाशा तो एखाद्या कलादालनात उभा राहून पाहतो, तेव्हा त्याच्या चेहऱ्यावरचा अवघडलेपणा पुष्कळ बोलून जातो. पण याच फेनरिझने केलेले काम चित्रपट आपल्याला कानांनी दाखवत नाही. उलट बऱ्याच ठिकाणी पार्श्वभूमीला वाजतात आइसलंडचे मुम किंवा स्कॉटलंडचे बोर्ड्स ऑफ कॅनडा, म्हणजे धूसर, मवाळ, इलेक्ट्रॉनिक संगीत. बखर कुस्तीची असावी आणि आखाड्याची माती कुठेच नसावी, तसा हा प्रकार आहे.

आता त्या मातीकडे येतो. १९९१च्या पहिल्या अल्बमपर्यंत डार्कथ्रोन डेथ मेटल हा मेटलचाच दुसरा प्रकार वाजवत होते, आणि पुढचा अल्बमही तसाच येईल अशी त्यांच्या इंग्लिश रेकॉर्ड कंपनीची अपेक्षा होती. १९९२मध्ये त्यांनी हातात ठेवले ते भलतेच, खरखरीत आणि जाणूनबुजून उघडेनागडे ब्लॅक मेटल. १९९४च्या ‘ट्रान्सिल्व्हेनियन हंगर’ या अल्बमची वाद्ये तर फेनरिझने एकट्याने साध्या चार ट्रॅकच्या यंत्रावर ध्वनिमुद्रित केली. त्याच नावाच्या गाण्याचा सुरुवातीचा भाग मी मघाशी आपल्याला ऐकवला. आपण टेबलावर बोटांनी ठेका धरून पाहिला असेल तर लक्षात आले असेल की तो जवळजवळ बदलतच नाही, आणि गिटारवर एकेक स्वर इतक्या वेगाने छेडला जातो की तो सुटा न राहता त्याची झालर होते. सतारीचा झाला ऐकलेल्या कानांना हे तंत्र परके वाटू नये. फरक इतकाच की झाल्यात लय चढत जाऊन उत्कर्षाला पोहोचते, तर इथे ती चढतच नाही, आणि काही मिनिटांनी ऐकणाऱ्याला वेगाऐवजी एक गोठलेपणा जाणवू लागतो. बेसूर आणि निकृष्ट म्हणून जो आवाज हसण्यावारी नेला जातो, तो निवडलेला आवाज आहे. ‘फिलोसोफेम’ या अल्बमसाठी व्हिकरनेसने गायनाला हाताशी असलेला सर्वांत वाईट मायक्रोफोन मागितला आणि शेवटी हेडसेटवर काम भागवले, ही गोष्ट या वर्तुळात सर्वांना पाठ आहे. त्या हेडसेटविषयी त्याला अर्धा तास बोलते केले असते, तर नॉर्डिक देवांवरच्या प्रवचनापेक्षा अधिक हाती लागले असते.

चित्रपटाच्या अखेरीकडे सॅटिरिकॉन या बँडचा ड्रमवादक फ्रॉस्ट मिलानमधल्या एका कलादालनात चाकू आणि आग घेऊन प्रयोग करतो. दिग्दर्शकांना तो कळस वाटला असावा. मला मात्र तेव्हा बर्गेनचे ग्रीगहालेन आठवत होते. संगीतकार ग्रीगच्या नावाचे हे भारदस्त सभागृह, आणि मेहेमच्या ‘दे मिस्तेरिइस दोम साथानास’ या अल्बमचे ध्वनिमुद्रण तिथेच झाले. त्यात गिटार युरोनिमसची आहे आणि बेस, म्हणजे खर्जातली गिटार, व्हिकरनेसचा. रेकॉर्ड बाहेर आली १९९४मध्ये, तोवर एकाने दुसऱ्याला मारले होते. युरोनिमसच्या आईवडिलांनी मेहेमचा ड्रमवादक हेलहॅमर याला विनंती केली की आमच्या मुलाच्या खुन्याचे वादन काढून टाक. त्याने हो म्हटले, पण बेस त्याने काढला नाही. या एका प्रसंगाभोवती अख्खा चित्रपट उभा करता आला असता.

त्यातले ‘फ्रीझिंग मून’ मी आता लावतो आहे. गिटार आपोआप ऐकू येईल. कृपया तिच्याखाली चाललेल्या बेसकडे कान द्यावा.