चोवीस व्होल्ट, पण मोजले कुठे?

नमस्कार श्रोतेहो.

एसी गार हवा देईना, की मेकॅनिक दारात यायच्या आधीच घरात निकाल लागलेला असतो: गॅस संपला! एसीतला गॅस वापरून संपत नाही. गळती असेल तरच तो कमी होतो. आज मी गॅसबद्दल बोलणार नाही. मला बोलायचंय ते कंट्रोलच्या विजेबद्दल.

मोठ्या एसीत, म्हणजे मंगल कार्यालयात, बँकेत, नाट्यगृहात असतो तसल्या डक्टवाल्या यंत्रात, दोन प्रकारची वीज खेळत असते. कॉम्प्रेसर फिरवते ती थ्री फेज, म्हणजे तीन वेगळ्या वायरींतून, तीन फेजमधून येणारी. आणि 'आता चालू हो' असा हुकूम देते ती दुसरी, छोटी वीज. बऱ्याच यंत्रांत एक लहानसा ट्रान्सफॉर्मर 230 व्होल्टचे 24 व्होल्ट करतो. हे 24 व्होल्ट हॉलचं तापमान बघणाऱ्या थर्मोस्टॅटमधून जातात, मग गॅसच्या प्रेशरवर नजर ठेवणाऱ्या एचपी आणि एलपी, म्हणजे हाय आणि लो प्रेशर, कटआऊटमधून, मग कॉम्प्रेसरनं जास्त करंट घेतला तर तोडणाऱ्या ओव्हरलोड स्विचमधून, आणि शेवटी कॉन्टॅक्टरच्या, म्हणजे चुंबकानं जोडल्या जाणाऱ्या मोठ्या स्विचच्या, कॉईलला पोचतात. कॉईलनं खेचलं की कॉम्प्रेसरला वीज मिळते. वाटेत एक जोड जरी खराब असला, तरी शेवटी कॉईल उपाशी राहते.

याचा एक अनुभव सांगतो.

कोकणात, समुद्राची गाज ऐकू येईल इतक्या जवळ एक नाट्यगृह आहे. तिथली तक्रार विचित्र होती. पहिला अंक थंडगार. मध्यंतरात बटाटेवडे खाऊन लोक आत येतात, दुसरा अंक रंगात येतो, आणि रंगमंचामागच्या पॅनेलमधून आवाज सुरू होतो, कट-कट-कट-कट. एसी बंद. दुसऱ्या दिवशी दुपारी मेकॅनिक येतो, बटण दाबतो, एसी मुकाट्यानं चालतो. कॉन्टॅक्टर बदलून झाला, ट्रान्सफॉर्मर बदलून झाला, आता कॉम्प्रेसर बदलायची भाषा सुरू होती.

तिथले वायरमन काका मला म्हणाले, "साहेब, दुपारी याल तर तो शहाण्यासारखा वागेल. प्रयोगाला या." सगळ्या निदानाचं मर्म त्या एका वाक्यात होतं. म्हणून मी प्रयोगालाच गेलो आणि तिसरी घंटा झाल्यावर मीटर घेऊन पॅनेलपाशी बसलो.

इथे एक मनातलं बोलून घेतो. आपल्याकडे नाट्यगृहाच्या दर्शनी भिंतीला नवा रंग देण्यासाठी पैसे निघतात, पण गच्चीवरच्या यंत्राच्या वायरी कोणी वर्षानुवर्षं उघडून बघत नाही. घामानं निथळणाऱ्या नटाला आणि तिकीट काढून आलेल्या प्रेक्षकाला त्या रंगाचा काय उपयोग? देखभालीचा पैसा आधी बाजूला काढावा, रंग मागाहून द्यावा, असं माझं ठाम मत आहे.

तर पहिला अंक चालू. दिग्दर्शकानं लाइट वाढवत नेले. हजार हजार वॅटचे दिवे, आणि त्यातले बहुतेक एकाच फेजवर. त्याच फेजवरून आपल्या ट्रान्सफॉर्मरला वीज. ती 230 वरून 205 वर आली. म्हणजे 24 च्या जागी ट्रान्सफॉर्मरमधून साधारण 21 व्होल्ट निघायला लागले. तरी एसी चालूच राहिला, कारण कॉन्टॅक्टर एकदा चिकटला की कमी व्होल्टवरही धरून ठेवतो. त्याला ताकद लागते ती खेचताना. मग हॉल गार झाला आणि थर्मोस्टॅटनं नेमाप्रमाणे एसी थांबवला. दुसऱ्या अंकात हॉल तापला, थर्मोस्टॅटनं पुन्हा हुकूम दिला, आणि कट-कट-कट सुरू!

मी कॉम्प्रेसरची वीज काढून घेतली, कंट्रोल तेवढा चालू ठेवला. ट्रान्सफॉर्मरवर मोजलं, 21. कॉईलवर मोजलं, आकडा नाचत होता, पण 16 च्या वर जाईना. मधले पाच व्होल्ट कुठे गेले? मग एकेका स्विचच्या दोन टोकांवर मीटर लावत गेलो. जोडलेला स्विच चांगला असेल तर त्याच्या दोन टोकांत जवळजवळ शून्य दिसायला हवं. थर्मोस्टॅट, शून्य. ओव्हरलोड, शून्य. एचपी, शून्य. काकांच्या हातात बॅटरी देऊन गच्चीवर गेलो. एलपी कटआऊटच्या टर्मिनलवर पावणेपाच! खाऱ्या वाऱ्यानं तिथला लग, म्हणजे वायरच्या टोकाची धातूची टोपी, हिरवा पडला होता. कंट्रोलचा फ्यूज काढला, वायर मागे छाटली, नवा लग दाबून बसवला, फ्यूज परत घातला. रंगमंचावरचे सगळे लाइट तसेच असताना कॉन्टॅक्टरनं एकदाच 'टक्' केलं आणि धरून ठेवलं. पुढच्या आठवड्यात ट्रान्सफॉर्मरची वायर काकांनी कमी लोडच्या फेजवर घेतली. कॉम्प्रेसर बदलावा लागला नाही.

दुपारी हा दोष का सापडत नव्हता? दुपारी लाइट बंद, फेजवर 235 व्होल्ट. वाटेत पाच गेले तरी कॉईलला कसंबसं पुरत होतं. कॉन्टॅक्टरनं ठरलेल्या व्होल्टेजच्या 85 टक्क्यांवर तरी खेचलं पाहिजे, असं मानक आहे. 24 चे 85 टक्के म्हणजे 20.4. त्याच्या खाली तो खेचेलच याची खात्री नाही. आणि कॉईलची ओढ व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटते, म्हणजे व्होल्टेज 20 टक्के पडलं तर ओढ 36 टक्क्यांनी पडते. वर अर्धवट खेचलेली कॉईल नेहमीच्या कितीतरी पट करंट घेते, तापते आणि जळते. मग आपण म्हणतो, कॉईल खराब निघाली.

नळ बंद असताना पाइपात प्रेशर पूर्ण असतं, नळ सोडला की मग कळतं पाइप कुठे तुंबलाय. म्हणून सांगतो: व्होल्टेज लोडवर, म्हणजे यंत्र वीज ओढत असताना, मोजा. कॉईलच्या टोकांवर मोजा. आणि दोष ज्या वेळी दिसतो त्याच वेळी मोजा. आयटीआयच्या मुलांच्या हातात पान्ह्याआधी मीटर द्यावं, आणि पार्ट बदलायच्या आधी आकडा लिहायची सवय लावावी, असं मला फार वाटतं.

जाता जाता, थिएटरं 18 डिग्रीवर ठेवून प्रेक्षकांना शाली पांघरायला लावू नयेत. स्टार लेबलच्या रूम एसीला 1 जानेवारी 2020 पासून 24 डिग्रीचं डिफॉल्ट सेटिंग सक्तीचं आहे, ते उगीच नाही.

आता तुमच्या घरचा एसी. स्प्लिट एसीत कंट्रोलचं काम पीसीबीवर, म्हणजे इलेक्ट्रॉनिक सर्किटच्या बोर्डवर, चालतं, तो तुम्ही उघडू नका. आऊटडोअरमधला कॅपॅसिटर मेन बंद केल्यावरही चार्ज धरून असू शकतो. पण एक गोष्ट तुम्ही बघू शकता. स्टॅबिलायझरवर इनपुट दिसत असेल, तर तो आकडा एसी बंद असताना नाही, कॉम्प्रेसर सुरू होताना बघा. 230 चे 190 होत असतील, तर एसीचा मेन बंद करून, थोड्या वेळानं प्लग काढून त्याची पिन बघा. काळी पडली असेल किंवा प्लग तापत असेल, तर आधी सॉकेट आणि वायर बदलून घ्या, पीसीबीचा विचार नंतर. आणि मेकॅनिकला फोन करताना, एसी कोणत्या वेळी बंद पडतो आणि तेव्हा घरात गीझर किंवा पंप चालू असतो का, एवढं नक्की सांगा. नमस्कार.