पाण्यापासून थोडे वर: डोंगरातील मुक्कामाची जागा

पाठीवर सामान घेऊन डोंगरात अनेक दिवस चालणाऱ्या माणसाला आठवड्याचा शिधा सोबत नेता येतो, पण आठवड्याचे पाणी नेता येत नाही. चढावर दर तासाला साधारण अर्धा लिटर पाणी पोटात जाते. त्यात सकाळ-संध्याकाळचा स्वयंपाक धरला, तर एका माणसाचा दिवसाचा खर्च ४ लिटरच्या आसपास पोहोचतो. एक लिटर पाण्याचे वजन एक किलो असते, म्हणजे तीन दिवसांचे पाणी १२ किलोंचे होते, आणि तंबू, झोपण्याची पिशवी, कपडे व अन्न यांवर एवढे ओझे कोणी चढवत नाही. म्हणूनच डोंगरातील वाट एका पाणवठ्यापासून दुसऱ्या पाणवठ्यापर्यंत आखली जाते आणि दिवसभरात किती चालायचे हे बहुतेक वेळा पाणीच ठरवते. मात्र पाणी सापडले की मुक्कामाची जागाही सापडली, असे मानून पाठपिशवी तिथेच उतरवली जाते, आणि रात्रीच्या बहुतेक अडचणींची सुरुवात त्या निर्णयापासून होते.

हा शोध नकाशावर सुरू होतो. त्यावरच्या तपकिरी रेषा समोच्च रेषा असतात. एका रेषेवरचे सर्व बिंदू समुद्रसपाटीपासून सारख्याच उंचीवर असतात. रेषा एकमेकींना खेटून असतील तिथे चढ उभा असतो आणि त्या पसरलेल्या असतील तिथे जमीन सपाटीकडे झुकते. या रेषांना बाणासारखे टोक आले असेल आणि ते टोक चढाच्या दिशेला वळलेले असेल, तर तिथे घळ किंवा ओढा आहे. टोक उताराकडे असेल, तर ती डोंगराची धार आहे. निळी रेषा काढलेली नसली, तरी एवढ्या खुणेवरून पाणी कुठून वाहत असेल हे सांगता येते. आता या घळीच्या वरच्या अंगाला किती मोठा उतार पाणी गोळा करतो ते पाहावे. दोन घळी शेजारी असल्या, तरी जिच्या माथ्यावर मोठे पाणलोट क्षेत्र, तळे किंवा उशिरापर्यंत टिकणारा बर्फ आहे, ती कोरड्या महिन्यांतही वाहण्याची शक्यता अधिक असते. उत्तर गोलार्धात उत्तरेकडच्या, तर दक्षिण गोलार्धात दक्षिणेकडच्या उतारावर ऊन कमी पडते, त्यामुळे बर्फ आणि ओल तिथे जास्त काळ टिकतात. तुटक निळी रेषा बहुधा हंगामी प्रवाह दाखवते, आणि सलग निळ्या रेषेवरही पूर्ण भरवसा ठेवू नये, कारण नकाशा सर्वेक्षण झाले त्या वर्षाचा असतो आणि प्रवास या वर्षाचा.

नकाशावर न दिसणारे पाणी शोधायचे, तर खडकाकडे पाहावे लागते. पावसाचे आणि वितळलेल्या बर्फाचे पाणी मातीतून व सच्छिद्र खडकातून खाली झिरपत जाते. पाणी न जिरवणारा घट्ट थर वाटेत आला की ते त्या थरावरून आडवे सरकते आणि डोंगराचा उतार जिथे त्या थराला छेदतो तिथे झऱ्याच्या रूपाने बाहेर पडते. थर आडवे असतील, तर एकाच डोंगरावरचे झरे पुष्कळदा जवळपास सारख्याच उंचीवर आढळतात. बेसाल्टच्या डोंगरात लाव्हारसाच्या एकावर एक साचलेल्या थरांमधील सांध्यांवर असे पाणी पाझरताना दिसते. अशा डोंगरात एक झरा आटलेला आढळला, तर थेट खाली उतरण्यापूर्वी त्याच उंचीवरून आडवे चालत पुढची घळ पाहणे शहाणपणाचे ठरते. ग्रॅनाइटमध्ये पाणी भेगांमधून येते आणि त्याची धार बारीक असते. चुनखडीचा डोंगर मात्र वेगळाच वागतो. तिथले पाणी विरघळून रुंदावलेल्या भेगांतून आणि विवरांतून खोल निघून जाते, त्यामुळे माथ्यावरचे मैलोन्मैल पठार कोरडे असते आणि पायथ्याशी मात्र भला मोठा झरा उसळत असतो. चुनखडीच्या पठारावर चढताना खालीच पाणी भरून घेतलेले बरे.

उभा कडा संपून उतार सौम्य होतो ती जागा, घळीचा वरचा खोलगट भाग आणि करड्या उतारावर उठून दिसणारा हिरव्या गवताचा किंवा नेच्यांचा पट्टा या ठिकाणी पाणी असण्याची शक्यता असते. ओढ्याचे पात्र कोरडे दिसले म्हणून तो ओढा लगेच सोडून देऊ नये. वाळू आणि गोट्यांच्या पट्ट्यात प्रवाह जमिनीखाली शिरतो आणि पात्रात अखंड खडक उघडा पडतो तिथे तो पुन्हा वर येतो. जनावरांच्या पायवाटा उताराच्या दिशेने एकत्र येत असतील, तर त्यांच्या टोकाला पाणी असू शकते. पण ते पाणी जनावरांनी ढवळलेले असणार, हेही त्यासोबत गृहीत धरावे.

चालण्याच्या वेळेचा अंदाज घेण्यासाठी स्कॉटिश गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांनी १८९२ मध्ये मांडलेला नियम आजही उपयोगी पडतो: दर ५ किलोमीटरला एक तास आणि दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास. १२ किलोमीटर अंतर आणि ९०० मीटर चढ असेल, तर हा हिशेब सुमारे ४ तासांचा होतो. पाठीवर जड ओझे आणि पायाखाली खडबडीत वाट असताना त्यात निम्म्याची भर घालून ६ तास धरणे रास्त आहे. त्यावर विश्रांतीचा वेळ वेगळा. सूर्यास्तापूर्वी निदान दोन तास शिल्लक राहतील असे वेळापत्रक आखावे, कारण अंधार पडू लागला की पाठपिशवी जिथे टेकेल ती जागा चांगली वाटू लागते.

आता जागेकडे वळू. रात्री जमीन उष्णता गमावते, तिला लागून असलेली हवा थंड व जड होते आणि पाण्याप्रमाणेच उतारावरून खाली ओघळत खोलगट भागात साचते. म्हणून दरीच्या तळाशी, ओढ्याच्या अगदी काठावर रात्र सर्वांत गारठ्याची आणि दमट असते. तंबूच्या आतल्या बाजूला पाणी सुटते आणि झोपण्याची पिशवी ओलसर होते. तळापासून काही मीटर किंवा त्याहून थोडे अधिक वर, उतारावरच्या एखाद्या लहान सपाट टप्प्यावर गेले, तरी तापमानात जाणवण्याइतका फरक पडतो. याच्या उलट चूक म्हणजे थेट धारेवर किंवा खिंडीत तंबू ठोकणे. खिंडीत दोन्ही बाजूंचा वारा आवळला जाऊन जोर धरतो आणि धारेवर विजेचा धोका असतो. एकट्या उंच झाडाखालीही तोच धोका असतो. याशिवाय पाण्यापासून किमान ६० मीटर, म्हणजे मोठ्या माणसाची साधारण ८० पावले दूर राहण्याचा संकेत आहे. त्यामुळे पाण्यात घाण जात नाही, काठावरची नाजूक वनस्पती तुडवली जात नाही आणि रात्री पाण्यावर येणाऱ्या प्राण्यांची वाट मोकळी राहते. शौचासाठीही एवढेच अंतर राखून १५ ते २० सेंटिमीटर खोल खड्डा करावा.

जागा पसंत पडली की तंबू उघडण्यापूर्वी मान वर करून पाहावे. वाळलेल्या फांद्या डोक्यावर लटकत असतील, तर वारा सुटण्याची वाट न पाहता जागा बदलावी. ताज्या धारदार कडांचे, दगडफूल न चढलेले दगड आजूबाजूला विखुरलेले असतील, तर वरून दगड अजूनही येत आहेत. झुडपांच्या फांद्यांत वाळके गवत आणि काटक्या अडकलेल्या दिसल्या, तर पूर तेवढ्या उंचीपर्यंत पोहोचला होता हे समजावे. डोक्यावर आकाश निरभ्र असतानाही वरच्या दऱ्यांत पडलेल्या पावसाने ओढा अचानक फुगू शकतो. बर्फाच्या प्रदेशात हिमप्रपात बहुतेक वेळा ३० ते ४५ अंशांच्या उतारावर सुटतात आणि खालच्या सौम्य जमिनीवर दूरपर्यंत धावत येतात. जंगलात सरळ खाली आलेला मोकळा पट्टा किंवा चढाकडच्या बाजूच्या फांद्या मोडलेली झाडे ही त्यांची जुनी वाट असते. त्या पट्ट्यातील सपाट जागा कितीही मोहक असली तरी ती सोडावी.

३,००० मीटरच्या वर आणखी एक बंधन येते. तिथे निजण्याची उंची एका रात्रीत ५०० मीटरहून अधिक वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी त्याच उंचीवर एक जादा रात्र काढावी, असा वैद्यकीय सल्ला आहे. पाणी ८०० मीटर वर असेल, तर योजना पाण्याभोवती नव्हे, शरीराभोवती फिरवावी लागते.

अशा वेळी कोरडा मुक्काम कामी येतो, आणि तो लोक विनाकारण टाळतात. दुपारी उशिरा शेवटच्या पाण्यावर थांबून तिथेच जेवण रांधून घ्यावे, प्रत्येकी ३ लिटर पाणी भरावे आणि तास-दीड तास पुढे जाऊन चांगल्या, कोरड्या जागी फक्त झोपावे. ३ किलोंचे ओझे थोडाच वेळ वाहावे लागते आणि मुक्कामाची निवड पाणवठ्यापुरती मर्यादित राहत नाही.

स्वच्छ दिसणारे पाणीही शुद्ध केल्याशिवाय पिऊ नये. उकळी फुटल्यावर एक मिनिट आणि २,००० मीटरच्या वर तीन मिनिटे उकळणे पुरेसे असते. उंचीवर पाणी कमी तापमानाला उकळते, ५,००० मीटरवर सुमारे ८३ अंश सेल्सिअसला, पण रोगजंतू मारायला तेवढी उष्णता पुरते. ०.१ ते ०.२ मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) छिद्रांची गाळणी जिआर्डिया व क्रिप्टोस्पोरिडियम हे पोट बिघडवणारे सूक्ष्म परजीवी आणि जिवाणू अडवते, विषाणू मात्र तिच्यातून निसटतात. उलट क्लोरीनच्या गोळ्या विषाणूंवर चालतात, पण क्रिप्टोस्पोरिडियमवर त्यांचा फारसा परिणाम होत नाही. पोकळ तंतूंची गाळणी ओली असताना गोठली, तर तंतू फुटतात आणि बाहेरून ते कळतही नाही, म्हणून थंडीत ती झोपण्याच्या पिशवीत सोबत घ्यावी. निळ्या-हिरव्या शेवाळाची साय आलेले तळे आणि खाणीखालून येणारे तांबूस पाणी यांच्यापुढे या साध्या उपायांवर विसंबता येत नाही; ते पाणी सोडून द्यावे. बर्फ वितळवताना भांड्याच्या तळाशी थोडे पाणी आधी घालावे, नाहीतर भांडे करपते, आणि त्यासाठीचे जादा इंधन आधीच मोजून घ्यावे. हिमनदीचे दुधाळ पाणी रात्रभर भांड्यात निवळू दिले, तर गाळणी लवकर तुंबत नाही.

शेवटी प्रश्न उरतो तो ओढ्याच्या कोणत्या काठावर थांबायचे याचा. पावसावर वाहणारा ओढा दुसऱ्या दिवशीच्या वाटेत आडवा असेल आणि संध्याकाळी तो सहज ओलांडता येत असेल, तर पलीकडे जाऊन मुक्काम करावा, कारण रात्रीच्या पावसाने सकाळी वाट अडू शकते. हिमनदीतून येणारा प्रवाह मात्र दिवसभराच्या उन्हाने दुपारी उशिरा आणि संध्याकाळी सर्वाधिक फुगतो व पहाटे सर्वांत खाली उतरतो. तिथे अलीकडच्या काठावर, वर सरकून, तंबू लावावा आणि ऊन वरच्या बर्फावर चढण्यापूर्वी प्रवाह पार करावा.