आपल्याच घरात, आपल्याच विरुद्ध

[दृश्य: रात्र. मैदानाबाहेरची गर्दी. निळ्या-सोनेरी जर्सी घातलेले बापलेक आत शिरतात.]

26 मार्च 2015. न्यूयॉर्क राज्याच्या पार पश्चिम टोकाला, एरी सरोवराच्या काठावरचं बफेलो शहर. 19,070 खुर्च्यांच्या मैदानात आज बफेलो सेबर्सची गाठ आहे ॲरिझोना कोयोटीजशी. नॅशनल हॉकी लीगमध्ये तेव्हा 30 संघ होते. ॲरिझोना 29वा. बफेलो 30वा.

हॉकी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर टर्फ येतं आणि ध्यानचंद येतात. ही हॉकी बर्फावरची. चेंडूच्या जागी रबराची चकती, पक. पायात स्केट्स.

सामना 3-3 असा बरोबरीत सुटतो आणि ओव्हरटाइम सुरू होतो. आता जो पहिला गोल करेल तो जिंकला. जेमतेम मिनिटभरात ॲरिझोनाचा सॅम गान्ये पक जाळ्यात मारतो. बफेलो हरलं.

[शांतता. मग गर्दीचा आवाज.]

नीट ऐका. हा जल्लोष आहे. आणि तो बफेलोच्या लोकांचा आहे.

सगळ्यांचा नाही, हे सांगायला हवं. पण बर्फावर उभ्या असलेल्या खेळाडूंच्या कानावर जाईल इतक्या जणांचा नक्कीच. सामन्यानंतर बचावपटू माइक वेबरने ही खंत उघडपणे बोलून दाखवली. समोरच्या संघाच्या गोलवर आपल्याच घरात टाळ्या पडल्या, हे त्याच्या पचनी पडत नव्हतं.

पदरचे पैसे मोडून तिकीट काढायचं, संघाची जर्सी घालायची आणि तोच संघ हरावा म्हणून देव पाण्यात घालून बसायचं. ही माणसं वेडी होती का?

[दृश्य: किशोरवयीन खेळाडू, रिकाम्या रिंकवर सराव.]

या लीगमध्ये तळाला गेलात म्हणून कुणी खालच्या दर्जात ढकलत नाही. उलट बक्षीस मिळतं. दर उन्हाळ्यात अठराएक वर्षांच्या नव्या पोरांची निवड होते, तिला म्हणतात ड्राफ्ट. पहिला खेळाडू कोण उचलणार हे लॉटरीवर ठरतं, आणि त्या लॉटरीत शेवटच्या संघाला सगळ्यात जास्त संधी. आयपीएलमध्ये तळाला राहून असं काही हाती लागत नाही, लिलावात खर्चाची मर्यादा सगळ्यांना सारखीच.

आणि 2015 साली रांगेत उभा होता कॉनर मॅकडेव्हिड. पिढीतून एखादाच निघावा असा. तो ज्युनियर हॉकी खेळत होता बफेलोपासून गाडीने दीड तासावरच्या एरी गावात, त्याच सरोवराच्या काठी. म्हणजे स्वप्न दूर कुठे नव्हतं, जाऊन बघून येता येत होतं. त्याच्या मागे बॉस्टन विद्यापीठाचा जॅक आयकल. बफेलो शेवटचं आलं, तर मॅकडेव्हिडची शक्यता 20 टक्के, आणि लॉटरी हुकली तरी दुसरा क्रमांक पक्का. एकोणतिसावं आलं, तर ही खात्रीच गेली.

[दृश्य: बार. टीव्हीवर सामना. वाद घालणारे लोक.]

त्या हिवाळ्यात बफेलोत एकाच घरात दोन पक्ष होते.

पहिला पक्ष म्हणायचा, मधल्यामध्ये लोंबकळणं सगळ्यात वाईट. प्लेऑफही नाही आणि चांगला खेळाडूही नाही. एकदाच काय ते तळाला जा. पिट्सबर्गने 1984 साली तळ गाठला आणि मारिओ लेम्यू मिळवला, पुढे दोन स्टॅनले कप, म्हणजे लीगच्या विजेत्याचा करंडक, आले. आपल्याकडे काय आहे? 1970 पासून संघ आहे, कप एकही नाही. 1975 ला अंतिम फेरीत हरलो, 1999 ला पुन्हा हरलो.

दुसरा पक्ष म्हणायचा, हरणं हा नळ नाही, हवा तेव्हा सोडला आणि हवा तेव्हा बंद केला. सवय लागते. सरोवरापलीकडचं डेट्रॉइट बघा. त्यांचे मोठे खेळाडू, लिडस्ट्रॉम ड्राफ्टच्या तिसऱ्या फेरीत उचलला, दात्सुक सहाव्या, झेटरबर्ग सातव्या. तळाला न जाता कप जिंकले. त्यासाठी नजर लागते, लॉटरीचं तिकीट नाही.

व्यवस्थापनाने बाजू कधीच निवडली होती. 2013 सालीच तेव्हाचे जनरल मॅनेजर डार्सी रिगियर म्हणाले होते की या पुनर्बांधणीत थोडं सोसावं लागेल. त्यांच्या जागी आलेल्या टिम मरी यांनी 2015 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये महिनाभराच्या आत दोन्ही गोलरक्षक दुसऱ्या संघांना देऊन टाकले. इव्हँडर केन आणला, पण तो जखमी, त्या हंगामात खेळू न शकणारा. बर्फावर उतरणारा कुठलाही खेळाडू हरायला उतरत नाही. हरण्याची सोय ऑफिसात होते. बिचारे प्रशिक्षक टेड नोलन मात्र रोज जिंकायची तयारी करत होते.

आणि त्या 26 मार्चची गंमत म्हणजे, ओव्हरटाइममध्ये हरणाऱ्यालाही एक गुण मिळतो. टाळ्या वाजवणाऱ्यांचा हिशोबही त्या रात्री पूर्ण जमला नव्हता.

[दृश्य: जुनं कृष्णधवल चित्रण. जुगाराचं चक्र फिरतंय.]

नशिबावर भरवसा ठेवायला या शहराकडे जुनं कारण होतं. 1970 साली बफेलो आणि व्हँकूव्हर हे दोन नवे संघ लीगमध्ये आले. पहिला खेळाडू कुणाचा, हे ठरवायला मॉन्ट्रियलमध्ये चक्क जुगाराचं चक्र फिरवलं गेलं. काटा 1 वर थांबलाय असं वाटून आधी व्हँकूव्हरचं नाव पुकारलं. मग कुणाच्या तरी लक्षात आलं, तो 1 नाही, 11 आहे. बफेलोला जिल्बेर पेरो मिळाला. तो आयुष्यभर 11 नंबरची जर्सी घालून बफेलोसाठीच खेळला.

45 वर्षांनी चक्र पुन्हा फिरलं. बफेलो 54 गुणांवर शेवटचं, ॲरिझोना 56 वर. हरण्याची शर्यत जिंकली. 18 एप्रिलला टोरांटोत लॉटरी निघाली आणि मॅकडेव्हिड गेला एडमंटनला. 2010, 2011, 2012 अशी सलग तीन वर्षं पहिला क्रमांक मिळवून बसलेल्या एडमंटनला, आणि तेही 11.5 टक्के शक्यतेवर! मरी यांचा पडलेला चेहरा टीव्हीवर सगळ्यांनी पाहिला. वाट्याला आला आयकल.

[दृश्य: मैदानातल्या रिकाम्या खुर्च्या. कॅमेरा हळूहळू मागे येतो.]

आता खरी गोष्ट. आयकल वाईट निघाला का? मुळीच नाही. त्याच्या आदल्या वर्षी, तोही शेवटचं आल्याचा प्रसाद म्हणून, मिळालेला सॅम राइनहार्टही वाईट निघाला नाही. पहिल्या पक्षाचा तेवढा मुद्दा खरा होता. पण तळाला जावं की नाही यावर जितकी भांडणं झाली, त्याच्या पावपटही या पोरांना घडवणार कोण यावर झाली नाहीत. आयकल होता तेवढ्या काळात चार प्रशिक्षक आणि तीन जनरल मॅनेजर झाले.

2018 च्या वसंतात बफेलो पुन्हा शेवटचं आलं. बफेलोचा खेळाडू रायन ओराइली पत्रकारांसमोर बोलून गेला की हरणं अंगवळणी पडल्यासारखं झालंय, खेळावरचं प्रेम मधूनमधून आटतंय. दुसरा पक्ष जे हिवाळाभर ओरडत होता, नेमकं तेच. त्याला जुलैत सेंट लुईसला पाठवला. पुढच्या जूनमध्ये सेंट लुईसने कप जिंकला आणि प्लेऑफचा सर्वोत्तम खेळाडू ठरला ओराइली.

आयकलची मान दुखावली. शस्त्रक्रिया कोणती करायची यावर त्याचं आणि संघाचं बिनसलं. कर्णधारपद काढून घेतलं. नोव्हेंबर 2021 मध्ये तो व्हेगासला गेला. 2023 साली व्हेगासने कप जिंकला. त्या प्लेऑफमध्ये सगळ्यात जास्त गुण (स्वतःचे गोल आणि गोलसाठी दिलेले पास मिळून) आयकलचे, 26.

बफेलो मात्र 2011 पासून 2025 पर्यंत सलग 14 हंगाम प्लेऑफच्या बाहेर. लीगच्या इतिहासातला हा सगळ्यात मोठा दुष्काळ. 2023 ला तर एका गुणाने हुकलं. एका गुणाची किंमत या शहराला वेगळी समजावून सांगायला नको.

[दृश्य: 24 जून 2024. फ्लोरिडा. खचाखच भरलेलं मैदान.]

अंतिम फेरीचा सातवा सामना. एका बाजूला एडमंटन, त्यांचा कर्णधार कॉनर मॅकडेव्हिड. ज्याच्यासाठी बफेलोने आपल्याच संघाच्या पराभवावर टाळ्या वाजवल्या, तोच.

दुसऱ्या बाजूला फ्लोरिडा. त्यांच्याकडे ब्रँडन माँटूर, पूर्वी बफेलोचा. काइल ओकपोसो, मार्चपर्यंत बफेलोचा कर्णधार. आणि सॅम राइनहार्ट.

1-1. दुसरं सत्र संपत आलंय. राइनहार्ट उजव्या बाजूने पक घेऊन येतो, मारतो. 2-1. त्यानंतर गोल होत नाही.

बफेलोत बारमध्ये बसलेल्या ज्याने हा गोल पाहिला, त्याने त्यावर टाळ्या वाजवल्या की नाही, कोण सांगणार?