एक ग्रॅम, आठ गुंठे

(दृश्य: काचेच्या बशीत काळी पूड. बशीवर चमचा हलकेच वाजतो.)

ही काजळी. चमचाभर घेतली तरी वजन जेमतेम ग्रॅमभर. पण हिच्या चांगल्या जातीच्या एका ग्रॅमचा आतला-बाहेरचा सगळा पृष्ठभाग मोजला, तर ८०० चौरस मीटर भरतो. जमिनीच्या हिशोबात जवळपास आठ गुंठे! आंबोळीला जाळी पडते ना, तशी हिच्या कणाकणाला जाळी आहे. फक्त ती बघायला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक लागतो.

(दृश्य: उघडलेला फ्युएल सेल.)

हायड्रोजन फ्युएल सेलचं काम या जाळीतच चालतं. एका बाजूनं हायड्रोजन येतो. त्याचे प्रोटॉन मधल्या पातळ पडद्यातून पलीकडे जातात, इलेक्ट्रॉन तारेतून वळसा घेतात. हा वळसा म्हणजेच वीज. पलीकडे ऑक्सिजन भेटला की पाणी. पण हा ऑक्सिजन भारी आळशी, प्लॅटिनमशिवाय हलत नाही. आणि प्लॅटिनम किती महाग, ते सांगायला नको. १८४२ मध्ये ब्रिटिश शास्त्रज्ञ विल्यम ग्रोव्हनं आपल्या गॅस बॅटरीत, म्हणजे फ्युएल सेलच्या पूर्वजात, प्लॅटिनमच्या पट्ट्याच घातल्या होत्या. आज त्याचे दोन-तीन नॅनोमीटरचे कण काजळीवर पेरतात.

पेरायचे कुठे, खरी गोम इथे आहे. बाहेरच्या अंगाला पेरले, तर प्रोटॉन पोचवणारं आयोनोमर नावाचं पॉलिमर त्यांनाच चिकटतं. त्यातले सल्फोनेट नावाचे अणूंचे गट प्लॅटिनमवर ठाण मांडतात आणि ऑक्सिजनला जागा उरत नाही. म्हणून कण छिद्रांत लपवायचे. छिद्र दोन नॅनोमीटरहून अरुंद असेल, तर ऑक्सिजनचीच दमछाक. तोंड चार ते सात नॅनोमीटरचं असलं की जमतं: आयोनोमर उंबऱ्याबाहेर, ऑक्सिजन आत. आणि प्रोटॉन? ते छिद्रातल्या ओलाव्यातून वाट काढतात. त्यामुळे सेल कोरडा पडूनही चालत नाही आणि पाणी तुंबूनही.

(दृश्य: रस्त्यावरची बस. मागे पाणी ठिबकतंय.)

टोयोटानं २०२० च्या मिराई या हायड्रोजनवरच्या मोटारीत अशी मध्यम छिद्रांची काजळी वापरली. पुण्यात केपीआयटी ही कंपनी आणि सीएसआयआर ही सरकारी संशोधन संस्था यांनी ऑगस्ट २०२२ मध्ये हायड्रोजनवर धावणारी बस आणली.

दुखणं एक उरलंच आहे. सेल बंद-चालू होताना व्होल्टेज चढतो, आणि काजळीचाच हळूहळू कार्बन डायऑक्साइड होऊ लागतो. जाळीच्या भिंती झिजतात, खचतात. छिद्र मिटतं, आणि एवढ्या निगुतीनं लपवलेला प्लॅटिनमचा कण आतच गाडला जातो.