शनिवारची शाळा

[दृश्य: ब्रॉड ॲव्हेन्यू, सकाळी साडेआठ. दुकानांच्या पाट्या]

बेकरी. दातांचा दवाखाना. वकील. त्याच्या वरच्या मजल्यावर गणिताचे क्लास. पाट्यांवर मोठी अक्षरं कोरियन, इंग्रजी असलंच तर खाली, बारीक. हे न्यू जर्सीतलं पॅलिसेड्स पार्क. हडसन नदीच्या पलीकडे न्यूयॉर्क. २०१०च्या जनगणनेत इथले निम्म्याहून जास्त रहिवासी कोरियन वंशाचे होते.

[दृश्य: चर्चच्या बाजूच्या दारातून आत शिरणारी मुलं]

आज शनिवार. नेहमीच्या शाळेला सुटी. तरी ही मुलं कोरियन शिकायला दप्तर घेऊन आलीत. सगळी खुशीनं आलेली नाहीत, हे चेहऱ्यांवरून दिसतंच आहे.

सगळ्यांच्या मागे, हिरव्या जाकिटात, ती. वय सतरा. नाव सांगत नाही, घरच्यांशी तसं ठरलंय. बाराव्या वर्षी आईवडिलांबरोबर दक्षिण कोरियातल्या इंचॉन शहरातून आली. अशा मुलांना कोरियन लोक 'इल-जॉम-ओ-से' म्हणतात, म्हणजे एक पॉइंट पाच पिढी. आईवडील पहिली पिढी, इथे जन्मलेली मुलं दुसरी, आणि तिकडची शाळा अर्ध्यात सोडून आलेली ही मधली. आपण दीड पिढी म्हणू.

[दृश्य: हायस्कूलची इमारत, रस्त्यावरून. पिवळ्या बस]

सोमवार ते शुक्रवार ती इथे असते. आत कॅमेरा न्यायला परवानगी नव्हती, त्यामुळे बाहेरून दिसतं तेवढंच. कोरियात शाळेचं वर्ष मार्चमध्ये सुरू होतं, इथे सप्टेंबरात. तिकडे तिसरीपासून इंग्रजी शिकली होती, पण इथलं पहिलं दीड वर्ष वर्गात फारशी बोललीच नाही. आता बोलते. रसायनशास्त्र आवडतं.

[दृश्य: चर्चचं तळघर. फळा, तिच्या हातात खडू]

शनिवारी फळा तिच्या ताब्यात. छोट्यांच्या वर्गाला ती शिकवते.

ही लिपी हंगुल. राजा सेजोंगच्या काळात, १४४३ मध्ये तयार झाली आणि १४४६ मध्ये लोकांपुढे आली. त्याआधी लिहायचं तर चिनी अक्षरांत, आणि ती शिकण्याची सवड वरच्या वर्गातल्यांनाच. हंगुलची मूळ अक्षरं चोवीस. चौदा व्यंजनं, दहा स्वर.

आता तिचा खडू बघा. 'न' काढायच्या आधी ती मुलांना तोंडानं 'न' म्हणायला लावते. जीभ वर हिरड्यांना टेकली? जिभेचा तो बाक म्हणजेच अक्षर. 'म'चा चौकोन म्हणजे तोंड. 'क'मध्ये एक आडवी रेघ वाढवली की 'ख'. 'त'मध्ये वाढवली की 'थ'. हवा जास्त सोडायची, म्हणून रेघ जास्त. क-ख-ग-घ घोकलेल्या माणसाला हे नव्यानं समजावून सांगावं लागत नाही. आपली बाराखडी शिकवताना कुणी आम्हाला तोंडात डोकावायला लावलं नव्हतं, एवढंच.

मग ही अक्षरं खाली-शेजारी रचून एकेका चौकोनात बसवायची, जोडाक्षर बसवावं तशी. वाक्यात क्रियापद शेवटी, मराठीसारखंच. त्या क्रियापदाच्या शेपटीला 'यो' लावला की आदर. गाळला की तू-तडाक. मित्रांत चालतं, शिक्षकांशी नाही.

[दृश्य: जिना. एक लहान मुलगा वडिलांना हाक मारतो]

हो, तुम्ही बरोबर ऐकलंत. कोरियन मुलं वडिलांना 'आप्पा' म्हणतात. आमचा ध्वनिमुद्रक अजूनही दर वेळी वळून बघतो.

[दृश्य: जुनं छायाचित्र, हवाईतला उसाचा मळा]

ही माणसं इथवर आली कशी? १३ जानेवारी १९०३ रोजी 'गेलिक' नावाच्या जहाजातून शंभरेक कोरियन होनोलुलूला उतरले. उसाच्या मळ्यांत मजुरीला. घरून निघाले होते ते इंचॉनच्याच बंदरातून, आणि त्यांच्यातले बरेच जण तिथल्या एका चर्चचे होते. कोरियन वस्तीत शाळेला जागा हवी असली की चर्चचं तळघर मिळतं, ही रीत तशी जुन्या ओळखीतलीच. पुढे १९२४च्या कायद्यानं आशियातल्या लोकांना अमेरिकेचं दार जवळजवळ बंद झालं. १९६५च्या कायद्यानं उघडलं. न्यू जर्सीतल्याच एडिसनमधली मराठी घरंही त्याच दारानं आत आलेली आहेत.

[दृश्य: तळघराचं स्वयंपाकघर. वाफ. आज्यांचे हात]

१४ सप्टेंबर २०२४. येत्या मंगळवारी चुसॉक. कोरियन पंचांगातल्या आठव्या महिन्याची पौर्णिमा, सुगीचा आणि पितरांच्या आठवणीचा सण. कोरियात तीन दिवस सुटी. इथे मंगळवारी शाळा आणि कामं, म्हणून आज. त्याच मंगळवारी आपली अनंत चतुर्दशी होती. आमच्या घरी मोदकांची शेवटची फेरी व्हायची होती, आणि इथे समोर हे.

तांदळाची पिठी. उकळत्या पाण्यात मळलेली. पांढरा गोळा, भोपळ्याचा पिवळा, आणि दवण्याच्या कुळातल्या एका पाल्याचा हिरवा. सारण भाजलेल्या तिळांचं, साखर घालून. अंगठ्यानं पारी करायची. इथे माझा हात सवयीनं कळ्या पाडायला गेला, तर आजीबाईंनी तो अलगद बाजूला केला. कळ्या नाहीत. दुमडून कडा मिटवायच्या, अर्धा चंद्र. करंजीची धाकटी बहीण म्हणा. नाव सोंगप्यॉन. 'सोंग' म्हणजे पाइनचं झाड, कारण चाळणीत पाइनच्या सुया अंथरून त्यांवर हे उकडतात. वाफेला त्याचा वास लागतो. उकडल्यावर गार पाण्यातून काढायचे आणि तिळाचं तेल चोळायचं.

जिला सुबक सोंगप्यॉन जमतात तिला मुलगी देखणी होते, असं हाल्मोनी, म्हणजे आजी, सांगते. नातीचा चेहरा बघा.

[नि:शब्द. नात आणि आजी. दहा सेकंद]

[दृश्य: चर्चचं पार्किंग. वाद्यं गाडीतून उतरतात]

दुपार झाली. या गल्लीत आता कुणाला झोप लागणार नाही.

चार वाद्यं. ग्वेंगग्वारी ही लहान झांज, काठीनं वाजवायची, म्हणजे कडाडणारी वीज. जिंग ही मोठी घंटाथाळी, म्हणजे वारा. बुक हा पिंपासारखा ढोल, म्हणजे ढग. आणि तिच्या पुढ्यातला, कमरेत बारीक, दोन तोंडांचा जांगू म्हणजे पाऊस. डाव्या हातात गोळ्याची काठी, उजव्या हातात बांबूची पातळ छडी. हात लावण्याआधी तोंडानं बोल म्हणायचे. दॉंग, कुंग, दॉक. तबल्याच्या शिक्षकांकडे गेलेल्यांना ही शिस्त ठाऊक असेल.

मूळ शेतकऱ्यांचं वादन. लावणी-कापणीच्या वेळी गावभर फिरायचं. २०१४ मध्ये युनेस्कोनं त्याला वारशाच्या यादीत घेतलं. शेत सोडून रंगमंचावर आलेलं रूप म्हणजे सामुलनोरी, चार वस्तूंचा खेळ. ते १९७८ मध्ये सोलला सुरू झालं. इथली मुलं तेच शिकतात.

[दृश्य: वादन. पूर्ण अडीच मिनिटं. निवेदन नाही]

[दृश्य: तिची खोली. टॅबलेटवर चित्रं]

तिला बीटीएस या कोरियन पॉप बँडबद्दल विचारू नका. अमेरिकेत आल्यापासून सगळे विचारतात. तिला वेबटून काढायचा नाद आहे, मोबाइलवर बोटानं वर सरकवत वाचायची चित्रकथा. हा प्रकारच मुळात कोरियातला. पानं नसतात, त्यामुळे एका चौकटीखाली किती रिकामं सोडायचं यावर सगळा खेळ. तिच्या गोष्टीतली नायिका ड्रायक्लीनिंगच्या दुकानात काउंटरवर बसते. तिच्या आईवडिलांचं दुकानही तेच. शनिवारी तिथे गर्दी, म्हणून ते या फिल्ममध्ये नाहीत. दुकानाची इंग्रजी पत्रं, बिलं, विम्याचे फोन तीच सांभाळते.

पुढच्या जूनमध्ये हायस्कूल संपेल. दोन भाषा नीट येत असल्याचा शिक्का न्यू जर्सीत डिप्लोम्यावर मिळतो, तो तिला मिळेल. ती कॉलेजला गेली की छोट्यांच्या वर्गाला दुसरं कुणी शोधायचंय.

[दृश्य: पुन्हा तळघर. फळ्यापुढे सहा वर्षांचा मुलगा]

फळ्यावर एक शब्द. तो बघतो. खांदे उडवतो. इंग्रजीत म्हणतो, माहीत नाही.

कोरियनमध्ये सांग, ती म्हणते.

"मोल्ला."

ती हाताची घडी घालून थांबते. मागच्या बाकावर कुणीतरी हसतं.

"...यो."

"सगळं एकत्र."

"मोल्लायो."

मग ती त्याला तो शब्द वाचून दाखवते.