यादी खालून वाचताना

श्रोतेहो, नमस्कार.

हॉकी संघाची यादी जाहीर झाली की मी ती खालून वाचायला लागते. वरची तीन-चार नावं सगळ्यांना तोंडपाठ असतात, त्यांच्याच जर्सी विकल्या जातात. मला उत्सुकता असते ती बाराव्या फॉरवर्डची आणि सहाव्या डिफेन्समनची. त्याला कुठून आणलं, किती डॉलरला आणलं आणि त्याच्यापायी कोणाला जाऊ दिलं? माझ्याबरोबर सामने बघणारी मंडळी या सवयीला हसतात. खोगीरभरती वाचत बसतेस, असं म्हणतात. आज मी त्या खोगीरभरतीची बाजू मांडणार आहे.

हॉकी म्हणजे बर्फावरची हॉकी, उत्तर अमेरिकेतल्या नॅशनल हॉकी लीगची. एनएचएलमध्ये ३२ संघ आहेत. प्रत्येकाकडे २३ खेळाडू, त्यातले २० सामन्याला तयार होऊन बसतात: १२ फॉरवर्ड, ६ डिफेन्समन आणि २ गोलकीपर. ज्यांनी हा खेळ कधी पाहिला नाही त्यांच्यासाठी एकच गोष्ट सांगते, बाकीचं मग आपोआप कळेल. या खेळात कोणी सलग खेळत नाही. पाऊण मिनिट, फार तर मिनिटभर जीव तोडून स्केटिंग करायचं, मग खेळ चालू असतानाच कठड्यावरून बाकावर यायचं आणि दुसऱ्याने आत उडी मारायची. कॉनर मॅकडेव्हिडसारखा खेळाडूसुद्धा ६० मिनिटांतली साधारण २२ मिनिटं बर्फावर असतो. उरलेली ३८ मिनिटं तो बाकावर बसून पाणी पितो आणि मान लांब करून बघतो. फुटबॉलमधला मोठा खेळाडू पूर्ण ९० मिनिटं मैदानात असतो. इथे तुमचा हिरा अर्ध्याहून जास्त वेळ डबीत असतो.

आणि पैसे मोजूनमापून खर्च करायचे असतात. मालक आणि खेळाडूंच्या भांडणात २००४-०५ चा अख्खा मोसम पाण्यात गेला. त्यानंतर संघाच्या एकूण पगाराला कमाल मर्यादा आली, जिला तिकडे सगळे नुसतं ‘कॅप’ म्हणतात. पहिल्या वर्षी ती ३ कोटी ९० लाख डॉलर होती. २०२५-२६ मध्ये ९ कोटी ५५ लाख झाली. मालक कितीही गडगंज असो, थैली सगळ्यांना सारखीच. एकाला जास्त दिलं की दुसऱ्याच्या ताटातलं कमी होणारच.

आता टोरंटोकडे वळू. तिथल्या संघाबद्दल, मेपल लीफ्सबद्दल बोलताना माझा आवाज जरा चढतो, सांभाळून घ्या. १ जुलै २०१८ ला जॉन टवारेसने त्यांच्याशी ७ वर्षांचा करार केला, वर्षाला १ कोटी १० लाख डॉलरचा. त्या दिवशी त्याने आपला लहानपणीचा फोटो लोकांना दाखवला. लीफ्सच्या निळ्या-पांढऱ्या अंथरुणावर झोपलेलं लहान पोर. फोटो गोड होता, माझ्याही डोळ्यांत पाणी आलं. पण अंथरूण पाहून पाय पसरावेत, ही म्हण टोरंटोच्या कचेरीत कोणाला ठाऊक नसावी. पुढच्या सव्वा वर्षात ऑस्टन मॅथ्यूज, मिच मार्नर आणि विल्यम नीलँडर या तिघांचेही मोठे करार झाले. चौघांचे मिळून ४ कोटींच्या वर गेले आणि तेव्हा कॅप होती ८ कोटी १५ लाख. म्हणजे निम्मी थैली चार जणांत संपली. उरलेल्या १९ जणांच्या वाट्याला सरासरी २१-२२ लाख.

न्यायाने बोलायचं तर त्यांचा हिशेब अगदीच वेडगळ नव्हता. कॅप दरवर्षी वाढत होती, चार वर्षांत हे आकडे स्वस्त वाटतील असा त्यांचा अंदाज होता. मग कोविड आला, प्रेक्षागारं ओस पडली आणि कॅप जागच्या जागी गोठली. नशीब फिरलं हे कबूल. पण ज्याच्या घरात गाठीला काहीच उरत नाही, त्याला नशीब फिरलेलं जास्त लागतं.

पुढे जे झालं ते आकड्यांतच सांगते. त्या सात मोसमांत टोरंटोने प्लेऑफच्या, म्हणजे साखळीनंतर एकेका संघाशी खेळायच्या बाद मालिकांच्या, फक्त दोन फेऱ्या जिंकल्या, २०२३ आणि २०२५ मध्ये एकेक. आणि मालिकेचा निकाल लावणारा शेवटचा सामना, सातवा किंवा पाचवा, त्यांच्यावर सहा वेळा आला. २०१९, २०, २१, २२, २४ आणि २५. सहाही वेळा हरले. त्या सहांपैकी एकाही सामन्यात टोरंटोला एकाहून जास्त गोल करता आला नाही. २०२० मध्ये तर एकही नाही.

इथे माझे मित्र मला पकडतात. म्हणतात, अगं, मग दोष त्या चार ताऱ्यांचा ना? गोल त्यांनी करायचे होते. तळाच्या पोरांचा इथे काय संबंध?

संबंध आहे. १४ मे २०२२ ची रात्र आठवा. टोरंटोत टॅम्पा बे लाइटनिंगशी सातवा सामना. दोन्ही संघ आपापले सगळ्यात खमके डिफेन्समन समोरच्या ताऱ्यांवर सोडतात, त्यांना श्वास घेऊ देत नाहीत. मॅथ्यूजला जागा नाही, तशीच टॅम्पाच्या निकिता कुचेरॉवलाही नाही. अशा रात्री तारे तारे एकमेकांना खाऊन टाकतात, हिशेब शून्यावर येतो. मग सामना कोण जिंकवतं? टॅम्पा २-१ ने जिंकली आणि दोन्ही गोल निक पॉलने केले. हा निक पॉल दोनच महिन्यांपूर्वी ओटावाहून आणला होता, तोही खालच्या लाइनमध्ये, म्हणजे एकत्र खेळणाऱ्या तीन फॉरवर्डच्या खालच्या तुकडीत, राबण्यासाठी. सामन्याआधी किती जणांनी त्याचं नाव घेतलं असेल? टोरंटोच्या बाकावर त्या रात्री निक पॉल नव्हता. तो असायला हवा होता तिथले पैसे आधीच वाटून झाले होते.

टॅम्पाला ही अक्कल जन्मजात नव्हती. २०१९ मध्ये त्यांनी ८२ पैकी ६२ सामने जिंकले, तोवरच्या सर्वोच्च विक्रमाची बरोबरी केली. कुचेरॉवचे १२८ पॉइंट, म्हणजे गोल आणि गोलला दिलेले पास मिळून. प्लेऑफच्या पहिल्या फेरीत समोर होता कोलंबस, ज्यांनी तोवर एकही मालिका जिंकली नव्हती. पहिल्याच सामन्यात टॅम्पा ३-० ने पुढे होती. मी चहा करायला उठले, सामना संपल्यातच जमा धरून. परत आले तर वारं फिरायला लागलेलं. ती लढत ४-३ ने गेली आणि पाठोपाठ मालिका ४-० ने गेली.

असं नाक कापलं गेल्यावर प्रशिक्षकाला हाकला, दोन मोठी नावं विकून टाका, अशी ओरड होतेच. मीही त्यात सामील होते, लपवत नाही. जनरल मॅनेजर ज्युलिएन ब्रिझब्वाने यातलं काहीच केलं नाही. प्रशिक्षक जॉन कूपर राहिले, कुचेरॉव, ब्रेडन पॉइंट, व्हिक्टर हेडमन सगळे राहिले. फेब्रुवारी २०२० मध्ये त्याने दोन फॉरवर्ड आणले: न्यू जर्सीहून ब्लेक कोलमन आणि सॅन होजेहून बार्क्ले गुड्रो. दोघांसाठीही ड्राफ्टमधली, म्हणजे संघ दरवर्षी आळीपाळीने तरुण खेळाडू निवडतात त्यातली, पहिल्या फेरीची निवड मोजली. कोलमनसाठी तर त्यावर आदल्याच वर्षी पहिल्या फेरीत घेतलेला एक पोरगाही दिला. तिसऱ्या लाइनच्या माणसांना एवढी किंमत? मी नाक मुरडलं.

त्या सौद्यातली मेख माझ्या उशिरा लक्षात आली. दोघांचे पगार मिळून ३० लाख डॉलरच्याही आत होते, आणि दोघांचे करार त्या मोसमापुरते नसून पुढच्या वर्षीही चालणार होते. म्हणजे ब्रिझब्वाने भविष्यातली निवड देऊन कॅपखालची जागा विकत घेतली होती. या दोघांच्या मधोमध यानी गूर्दला उभं केलं. ठेंगणा, चिवट सेंटर, ज्याला ड्राफ्टमध्ये कोणीच निवडलं नव्हतं. टॅम्पाने २०२० चा स्टॅनले कप, म्हणजे लीगचं विजेतेपद, जिंकला आणि २०२१ चाही.

२०२१ च्या अंतिम मालिकेतला एक गोल मी इतक्यांदा पाहिलाय की डोळे मिटूनही दिसतो. माँट्रियलविरुद्ध दुसरा सामना, १-१ बरोबरी, दुसरा पिरियड संपायला सेकंद उरलेत. अशा वेळी बहुतेक जण खांदे पाडून बाकाकडे बघायला लागतात. गुड्रो पक, म्हणजे हॉकीची चकती, घेऊन सुसाट सुटला आणि त्याने आडवा पास टाकला. पास थोडा पुढे पडला, कोलमन पोचेल असं काही वाटेना, पाठीला विरोधी खेळाडू चिकटलेला. कोलमनने सरळ स्वतःला बर्फावर झोकून दिलं. पोटावर घसरत, हात लांब करून, स्टिकच्या टोकाने पक ढकलला. समोर केरी प्राइससारखा गोलकीपर, पण पक आत. घड्याळात जेमतेम सेकंदभर बाकी. सामना ३-१ ने सुटला. त्या गोलमागची दोन्ही नावं यादीत खालच्या अंगाला होती.

मधे एक कबुली देऊन टाकते, नाहीतर टॅम्पाला नावं ठेवणारे रागावतील. त्या २०२०-२१ च्या मोसमात कुचेरॉव दुखापतीमुळे साखळीचा एकही सामना खेळला नाही, आणि त्याचा पगार कॅपबाहेर धरता आला. प्लेऑफला गडी ताजातवाना हजर! संघ मर्यादेच्या सुमारे १ कोटी ८० लाख वर होता आणि विजयानंतर कुचेरॉव तोच आकडा छापलेला टी-शर्ट घालून मिरवला. नियमात बसणारं होतं, पण मला आवडलं नव्हतं. आता ती पळवाट बुजवली आहे, प्लेऑफलाही कॅप लागू केली आहे.

ड्राफ्टबद्दल फार बोलत नाही, कारण त्यावर लोक गरजेपेक्षा जास्त बोलतात. एडमंटनला २०१०, ११, १२ आणि १५ अशी चारदा पहिली निवड मिळाली, शेवटच्या वेळी मॅकडेव्हिड हाती लागला. तरी २००७ ते २०१६ सलग दहा मोसम त्यांनी प्लेऑफ पाहिली नाही. उलट डेट्रॉइटने पाव्हेल डाटस्यूकला १७१ वा आणि हेन्रिक झेटरबर्गला २१० वा निवडला. अठरा वर्षांच्या पोराकडे बघून तो पंचविशीत काय करेल हे सांगणं म्हणजे बरंचसं अंधारात तीर मारणं. गोलकीपरचं तर त्याहून अवघड. हेन्रिक लुंडक्विस्ट २०५ वा गेला होता, सर्गेई बोब्रोव्स्कीला तर कोणी निवडलंच नाही.

त्यापेक्षा मला भुरळ पडते ती दुसऱ्यांनी टाकून दिलेल्या माणसांची. आणि यात फ्लोरिडा पँथर्सचा हात कोणी धरू शकत नाही. एनएचएलमध्ये ‘वेव्हर्स’ नावाचा प्रकार आहे. खेळाडूला खालच्या लीगमध्ये पाठवायचं असेल तर बहुतेकदा आधी त्याला २४ तास सगळ्या संघांसमोर उघडा ठेवावा लागतो. ज्याला हवा त्याने उचलावा, बदल्यात काही द्यायचं नाही. जानेवारी २०२१ मध्ये कॅरोलिनाने गुस्ताव फोर्सलिंगला असं ठेवलं. त्याआधी व्हँकुव्हरने निवडून सोडलेला, शिकागोने वापरून सोडलेला. फ्लोरिडाने उचलला. आज तो त्यांच्या पहिल्या जोडीतला डिफेन्समन आहे, दोन स्टॅनले कप जिंकलेला.

कार्टर व्हर्हेगीचंही तसंच. २०१३ मध्ये त्याला निवडला कोणी? टोरंटोने. मग त्यांनी तो दुसरीकडे दिला. फिरत फिरत तो टॅम्पाला आला, २०२० च्या कपवर त्याचंही नाव आहे, आणि त्यानंतर लगेच टॅम्पाने त्याला मोकळा सोडला. बघा, माझ्या लाडक्या ब्रिझब्वाचीही चूक झाली. फ्लोरिडाने त्याला घेतला. २०२३ मध्ये साखळीत ६५ सामने जिंकून विक्रम करणाऱ्या बोस्टनला त्याने सातव्या सामन्याच्या जादा वेळेत गोल मारून घरी बसवलं. २०२४ च्या अंतिम मालिकेत एडमंटनविरुद्ध सातव्या सामन्यात पहिला गोल त्याचाच, निकाल २-१.

मी तारे नकोत असं म्हणत नाहीये. फ्लोरिडाकडे अलेक्झांडर बार्कोव आहे, मॅथ्यू कचुक आहे, आणि कचुकसाठी त्यांनी ११५ पॉइंट करणारा जोनाथन ह्यूबर्डो देऊन टाकला. दोन अव्वल फॉरवर्ड, एक दांडगा डिफेन्समन, बरा गोलकीपर, एवढ्यावर पैसा ओतायला माझी ना नाही. माझं भांडण आहे ते चौथ्या ताऱ्याशी. त्याच्या पैशात तीन निक पॉल येतात. एडमंटनने २०२४ च्या ऑगस्टमध्ये हेच भोगलं. कॅपमध्ये जागा उरली नव्हती आणि सेंट लुईसने फिलिप ब्रोबर्ग आणि डिलन होलोवे या दोन तरुण पोरांना मोठ्या पगाराचे करार पुढे करून डोळ्यांदेखत उचलून नेलं.

आता कॅप भराभर वाढते आहे आणि सगळ्यांच्या हातात पैसा खुळखुळतोय. मार्नर टोरंटो सोडून वेगासला गेला, ८ वर्षं, वर्षाला १ कोटी २० लाख. हा वाढीव पैसा बहुतेक संघ वरच्या नावांवरच उधळतील असं मला वाटतं. माझा अंदाज चुकला तर आनंदच आहे.

त्या टॅम्पाच्या तिसऱ्या लाइनचं पुढे काय झालं ते राहिलंच. दुसरा कप जिंकला आणि त्याच उन्हाळ्यात तिघेही गेले. गुड्रो न्यूयॉर्कला, कोलमन कॅल्गरीला, आणि गूर्दला नव्या सिएटल संघाने विस्ताराच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या संघाने इतर संघांतून खेळाडू निवडायच्या ड्राफ्टमध्ये, उचललं. थैलीत जागाच नव्हती. पुढच्या वर्षी टॅम्पा अंतिम मालिकेत कोलोराडोकडून हरली आणि त्यानंतर पहिल्या फेरीतच अडकत राहिली. मार्च २०२५ मध्ये ब्रिझब्वाने सिएटलला फोन फिरवला. ऑलिव्हर ब्योर्कस्ट्रँड आणि यानी गूर्द अशा दोघांना आणलं, आणि किंमत म्हणून पुन्हा एकदा पहिल्या फेरीच्या दोन निवडी दिल्या. गूर्द तेव्हा ३३ वर्षांचा होता. तरी त्याच्याशी पुढे ६ वर्षांचा करार केला, वर्षाला साधारण २३ लाख डॉलरचा. त्या एप्रिलमध्ये फ्लोरिडाने त्यांना पहिल्याच फेरीत पाच सामन्यांत हरवलं, ते सोडा. मी मात्र ती यादी आली तेव्हा नेहमीसारखी खालून वाचायला घेतली होती, आणि गूर्दचं नाव दिसल्यावर वरची नावं वाचायचीच राहून गेली.

नमस्कार.