रात्री किल्ली कोणाकडे असते?

[दृश्य: अंधारा व्हरांडा. झिरोचा पिवळा दिवा. लोखंडी जाळीचं सरकतं दार आणि त्याला लावलेलं कुलूप.]

पहाटेचे सव्वातीन वाजलेत. पुण्याच्या एका उपनगरातला हा दुमजली बंगला. फाटकावर पाटी आहे, वृद्धाश्रम. आत २२ माणसं झोपली आहेत. त्यांतल्या सातजणांना कुणी उठवल्याशिवाय उठता येत नाही. चौघांना आपण कुठे आहोत हे आठवत नाही. आणि या सगळ्यांसाठी जागी आहे एकच मावशी.

आम्ही तिला विचारलं, "मावशी, हे दार आत्ता उघडायचं झालं तर?"

"किल्ली सरांच्या टेबलाच्या खणात असते." थोडं थांबून ती म्हणाली, "पण ऑफिसलाही कुलूप असतं. त्याची किल्ली वॉचमनकडे. त्याला हाक मारावी लागते."

मोबाइलवर घड्याळ लावलं. हाक, वॉचमन, ऑफिस, खण, किल्ल्यांचा जुडगा, जुडग्यातली चौथी किल्ली. दार सरकलं तेव्हा चार मिनिटं दहा सेकंद झाली होती. दिवे चालू होते, धूर नव्हता, कुणी ओरडत नव्हतं. तरीही चार मिनिटं दहा सेकंद.

[दृश्य: टेबलावरची फाइल. पानं उलटणारा हात.]

आदल्या दिवशी दुपारी आम्ही या घराचे कागद पाहिले होते. संस्थेची नोंदणी, हिशेब, डॉक्टरांच्या भेटींच्या तारखा, आठवड्याचा आहार. आग विझवायचा लाल सिलिंडर जिन्याजवळ होता आणि त्याची मुदतही संपलेली नव्हती. स्वयंपाकघर स्वच्छ, वरणभात गरम. दुपारी येऊन दुपारीच परत गेलो असतो, तर हे घर चांगलं आहे असंच आम्ही तुम्हाला सांगितलं असतं. घरमालकांच्या परवानगीने आम्ही रात्री थांबलो, म्हणून दार दिसलं. घराचं नाव सांगणार नाही. अशी दारं या एकाच घरात नाहीत.

[दृश्य: नकाशा. स्कॉटलंड, ग्लासगोजवळचं उडिंगस्टन.]

३१ जानेवारी २००४. रोझपार्क नावाचं नर्सिंग होम. तिथेही अशीच पहाट होती. पॅसेजमधल्या एका कपाटात विजेच्या पेटीचं वायरिंग होतं. त्यात दोष निर्माण झाला आणि कपाटाने पेट घेतला. त्याच कपाटात स्प्रेचे डबे ठेवलेले होते. साडेचारच्या सुमाराला धोक्याची घंटा वाजली, पण घराच्या कोणत्या भागात आग आहे हे रात्रपाळीला फलकावरून नीट कळलं नाही. अग्निशमन दलाला फोन जाईपर्यंत नऊ मिनिटं गेली. बऱ्याच खोल्यांची दारं उघडी होती आणि ती आपोआप बंद होण्याची सोय नव्हती. धूर पॅसेजमधून थेट पलंगांपर्यंत पोचला. १४ वृद्ध दगावले.

हे घर नोंदणीकृत होतं. त्याची तपासणी होत असे. न्यायालयीन चौकशीचा अहवाल २०११ मध्ये आला, म्हणजे तब्बल सात वर्षांनी. आगीपासून बचावाची पुरेशी योजना असती तर यातले काही किंवा सगळेच मृत्यू टळू शकले असते, असं त्यात नोंदवलं आहे. त्या घरातलं अग्निसुरक्षेचं व्यवस्थापन मुळापासून आणि गंभीररीत्या सदोष होतं, असा ठपकाही ठेवला आहे. आग वायरीतून लागली, पण अहवालाने बोट ठेवलं ते कारभारावर.

आपल्याकडे १ जानेवारी २०२३ च्या पहाटे दिल्लीत ग्रेटर कैलाशमधल्या एका ज्येष्ठांच्या निवासाला आग लागली. दोन वृद्ध स्त्रिया गेल्या. तीही पहाटच.

[दृश्य: पुन्हा तेच घर. पलंगाच्या पायथ्याशी दोरीने लटकवलेला तक्ता.]

हा तक्ता जवळून बघा. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते, नाहीतर माकडहाडावर, टाचांवर जखमा होतात. तक्त्यावर वेळा लिहिल्या आहेत. दहा, बारा, दोन, चार. प्रत्येकीसमोर सही. आत्ता वाजलेत सव्वातीन. चारची सही आधीच झालेली आहे.

मावशींना आम्ही दोष देणार नाही. "सकाळी ड्युटी बदलताना सात जणांची अंगं पुसायची असतात, तेव्हा लिहायला होत नाही," असं त्यांनी सरळ सांगितलं. त्यांची पाळी बारा तासांची आहे. एकटीने सात माणसांची कूस वळवायची आणि मध्येच कुणी हाक मारली तर वरच्या मजल्यावर धावायचं. सही खोटी आहे हे खरं, पण ती खोटी करायला लावणारा ड्युटीचा तक्ता ऑफिसात बनतो.

अपघातांची वहीही पाहिली. वर्षभरात कुणी पडल्याची एकही नोंद नाही. २२ वृद्धांच्या घरात वर्षभर कुणीही घसरलं नाही, यावर आमचा विश्वास बसला नाही. ज्या वहीत पडझड लिहिलेली असते ते घर आम्हाला जास्त भरवशाचं वाटतं, कारण तिथे कुणीतरी विचारलेलं असतं, की मोरीत दांडी का नव्हती, फरशी ओली का होती.

[दृश्य: खिडकीजवळचा पलंग. उशाशी तांब्या, त्यावर पेला पालथा.]

खिडकीजवळच्या आजी जाग्याच होत्या.

"आजी, पाणी देऊ का?"

"नको रे बाळा. रात्री प्यायलं की उठावं लागतं. मावशी एकटी असते, तिला किती हाका मारायच्या?"

संध्याकाळी सहानंतर त्या पाणी पीत नाहीत. असं किती महिने चाललंय, हे त्यांना सांगता आलं नाही. हे कोणत्याही वहीत लिहिलेलं नाही आणि कोणत्याही छापील नमुन्यात त्यासाठी रकाना नाही. पलंगाच्या कडेवर बसून विचारलं, तरच कळतं.

[दृश्य: कायद्याची प्रत.]

कायदा काय म्हणतो? आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाह व कल्याणाचा कायदा २००७ चा. त्याच्या १९ व्या कलमात राज्य सरकारने जिल्ह्यागणिक किमान १५० निराधार ज्येष्ठांसाठी वृद्धाश्रम उभारण्याची तरतूद आहे. त्याखालच्या नमुना नियमांत एका माणसाला झोपायच्या खोलीत साडेसात चौरस मीटर, म्हणजे साधारण ८० चौरस फूट जागा असावी असं म्हटलंय. खासगी वृद्धाश्रमांची नोंदणी आणि किमान दर्जा ठरवणारं दुरुस्ती विधेयक डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत मांडलं गेलं. ते मंजूर झालं नाही आणि २०२४ मध्ये लोकसभेची मुदत संपल्यावर बारगळलं. महाराष्ट्राच्या २००६ च्या आग प्रतिबंधक कायद्याप्रमाणे यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा दाखला दर जानेवारीत आणि जुलैत द्यायचा असतो. धर्मादाय कार्यालय संस्थेचे हिशेब बघतं. प्रत्येकजण आपापला कागद बघतो. किल्ली कुठे आहे हे बघणं मात्र कुणाच्याच वाट्याला येत नाही.

इंग्लंडमध्ये अशा घरांना पाच प्रश्न विचारतात. त्यांतले दोन म्हणजे घर सुरक्षित आहे का आणि कारभार नीट चालतो का. तपासनीस बहुतेकदा न कळवता येतात, आणि घराला मिळालेली श्रेणी २०१५ पासून दर्शनी भागात लावणं बंधनकारक आहे. तिथेही चुका होतात. पण दारावरची ती श्रेणी आईला सोडायला आलेल्या मुलीला वाचता येते.

[दृश्य: ऑफिस. व्यवस्थापक खुर्चीत. खणातला जुडगा टेबलावर.]

व्यवस्थापकांना आम्ही चार मिनिटं दहा सेकंदांचं चित्रीकरण दाखवलं. ते गप्प बसले. मग म्हणाले, "मागच्या पावसाळ्यात आमचे एक आजोबा रात्री दार उघडून निघून गेले होते. एसटी स्टँडवर सापडले. त्या दिवसापासून कुलूप."

त्यांचं म्हणणं खोटं नाही. विसरणारा माणूस बाहेर जाऊ नये म्हणून लावलेलं कुलूप आगीत सगळ्यांना आत ठेवतं. या दोन्ही भीती खऱ्या आहेत, आणि एकीसाठी दुसरीकडे डोळेझाक करता येत नाही. आमच्याबरोबर आलेल्या निवृत्त परिचारिकेने सुचवलं, की किल्ली दाराशेजारीच काचेच्या छोट्या पेटीत ठेवा आणि दार सरकलं की वाजेल अशी घंटा लावा. आजोबा उठले तर मावशीला ऐकू येईल, आणि आग लागली तर काच फोडता येईल.

[दृश्य: सहा आठवड्यांनंतर. तेच दार. शेजारी काचेची पेटी.]

सहा आठवड्यांनी आम्ही परत गेलो, रात्रीच. मावशीने किल्ली काढली, दार सरकवलं, घंटा वाजली. २२ सेकंद. पॅसेजमधल्या मीटरच्या कपाटातले जुने पेपर आणि फिनेलचे डबे हलवलेले होते. कूस बदलायच्या तक्त्यावर चारची सही नव्हती. दोनचीही नव्हती. मावशी म्हणाल्या, "झाली नाही, म्हणून केली नाही."

रात्रपाळीला दुसरी मावशी ठेवण्याचं काय, असं विचारलं. व्यवस्थापकांनी कुटुंबांना पत्र पाठवलं आहे. दर महिन्याला माणशी थोडे पैसे वाढवावे लागतील. नऊ कुटुंबांनी होकार कळवलाय. बाकीच्यांची उत्तरं यायची आहेत.

[दृश्य: खिडकीजवळचा पलंग. कॅमेरा स्थिर.]

खिडकीजवळच्या आजी जाग्या आहेत. उशाशी तांब्या भरलेला. पेला अजून पालथाच आहे.